नव्या गाडीने गोळा केलेल्या माहितीवर चालकाचा ताबा कितपत राहतो?

अनिमिष (प्रश्न)

नमस्कार. इंटरनेटशी जोडलेल्या नव्या गाड्या चालकाविषयी जी माहिती गोळा करतात, तिच्याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

आम्ही अलीकडेच नवी गाडी घेतली. ताबा देताना विक्रेत्याच्या कर्मचाऱ्याने माझ्या फोनवर कंपनीचे अॅप उतरवून दिले, गाडीच्या पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चौकटींवर स्वतःच ‘मान्य’ असे दाबले आणि किल्ल्या हाती ठेवल्या. नंतर अॅप उघडून पाहिले तेव्हा त्यात प्रत्येक प्रवासाची वेळ, अंतर, करकचून लावलेले ब्रेक, रात्री उशिराचे प्रवास आणि या सर्वांवरून चालकाला दिलेले गुण अशी सविस्तर नोंद आढळली. ही नोंद ठेवा, असे मी कोणालाही सांगितलेले नव्हते. गाडी पत्नी आणि मी असे दोघेही चालवतो. अॅपचे खाते माझ्या नावावर असल्यामुळे तिचे जाणे-येणेही मला दिसते, आणि तिच्या संमतीचा प्रश्न तर कोणी विचारलेलाच नाही. कंपनीने माझ्यावर नजर ठेवण्यापेक्षा ही गोष्ट मला अधिक खटकते.

गाडी नेमके काय टिपते आणि ते कोणत्या वाटेने बाहेर जाते? पडद्यावरचे पर्याय बंद केले की नोंद खरोखर थांबते, की केवळ आपल्याला दिसेनाशी होते? काही जण सिम किंवा फ्यूज काढण्याचा सल्ला देतात. त्याने वॉरंटी किंवा सुरक्षितता यांना बाधा येते का? शिवाय जुनी गाडी विकायची आहे. तिच्यात आमचे काय काय उरले असेल, हेही समजून घ्यायचे आहे.

तारायंत्र

वाहनांतील इलेक्ट्रॉनिक्स हे माझे कामाचे क्षेत्र असल्याने तांत्रिक बाजू मांडतो.

गाडीतील ब्रेक, स्टीअरिंग, सीटबेल्ट, दरवाजे, एअरबॅग यांचे नियंत्रक एका सामायिक तारेवर सतत आपापले आकडे टाकत असतात. गाडी चालण्यासाठी ते आवश्यकच आहे आणि त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. प्रश्न सुरू होतो तो या तारेवर कान लावून बसलेल्या टेलिमॅटिक्स युनिटपासून. हा छोटा डबा डॅशबोर्डच्या आत किंवा छताच्या अस्तराखाली बसवलेला असतो. त्याला स्वतःचे मोडेम आणि सिम असते, स्थान कळण्याची सोय असते आणि पुष्कळदा लहानशी राखीव बॅटरीही असते. तुम्ही फोन घरी ठेवून निघालात तरी त्याचे काम अडत नाही. वाटेत नेटवर्क गेले तर बहुतेक युनिट नोंदी साठवून ठेवतात आणि नेटवर्क परत येताच पाठवून देतात. सिम सहसा सर्किटवरच जोडलेले असते, त्यामुळे ‘सिम काढून टाका’ हा सल्ला बहुतेक नव्या गाड्यांना लागूच पडत नाही.

दुसरी वाट फोनची. ब्लूटूथने फोन जोडताना गाडी संपर्कयादी आणि कॉलची नोंद मागते. तेथे नकार दिला तरी फोनवर बोलणे आणि गाणी ऐकणे नीट चालू राहते, फक्त पडद्यावर नावाऐवजी क्रमांक दिसतो. होकार दिला की ती यादी गाडीच्या स्मृतीत उतरते आणि काही गाड्यांत फोन दूर नेल्यावरही तेथेच राहते. केवळ चार्जिंगसाठी गाडीच्या यूएसबीत फोन लावण्याची सवय असेल तर त्याऐवजी बारा व्होल्टच्या सॉकेटमधला साधा चार्जर वापरावा.

तिसरा प्रकार गाडीतच राहणाऱ्या नोंदींचा. अपघाताच्या क्षणाभोवतीचा वेग, ब्रेक, सीटबेल्ट यांची स्थिती एअरबॅगच्या नियंत्रकात जतन होते. अमेरिकेतील नियमांत अपघातापूर्वीच्या ५ सेकंदांची नोंद अपेक्षित होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये २० सेकंदांपर्यंत वाढवण्यात आली. ही नोंद स्वतःहून कोठे जात नाही, ती उपकरण लावून वाचावी लागते. त्यामुळे या धाग्यातील चिंतेच्या यादीत मी तिला खालचे स्थान देईन. चालकाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कॅमेऱ्याबद्दलही सरसकट संशय धरू नये. युरोपीय संघात झोपेची सूचना देणारी यंत्रणा जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची आहे आणि तेथील नियमच असे सांगतो की अशा यंत्रणेने सतत चित्रण साठवू नये व माहिती बंदिस्त व्यवस्थेबाहेर जाऊ देऊ नये. कॅमेरा दिसतो म्हणजे चित्रफीत बाहेर जाते, असे म्हणता येत नाही. तसा नियम नसलेल्या ठिकाणी मात्र कंपनीचे धोरण वाचण्यावाचून पर्याय नाही.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे वळतो. पडद्यावरचा पर्याय, अॅपमधला पर्याय आणि कंपनीच्या सर्व्हरवरील संमतीची नोंद या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि एक बदलली की बाकीच्या बदलतातच असे नाही. फोनवरून अॅप काढून टाकले तरी खाते जिवंत राहते, खाते जिवंत असले की संमतीही जिवंत राहते, आणि गाडी आपले काम करत राहते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी अॅपमधील किंवा संकेतस्थळावरील खात्यात जाऊन चालक-गुण, विमा, तृतीय पक्ष, संशोधन, जाहिरात या नावांखालच्या संमती एकेक करून मागे घ्याव्यात. त्यानंतर गाडीच्या पडद्यावर स्थान, आवाज-ओळख आणि डेटा वाटप बंद करावे. सॉफ्टवेअरचे मोठे अपडेट आल्यावर हे सर्व पुन्हा तपासावे, कारण नव्या अटींची चौकट पुढे आली की घाईत पुन्हा ‘मान्य’ दाबले जाते. अॅप काढायचे असेल तर ते सर्वांत शेवटी.

फ्यूजबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. काही गाड्यांत मायक्रोफोन किंवा एखादा स्पीकर याच युनिटमधून जोडलेला असतो, त्यामुळे फ्यूज काढताच फोनवर तुमचा आवाज पलीकडे जाईनासा होतो. काहींत इशारादिवा कायमचा लागतो. आपत्कालीन कॉलची सोयही त्याच डब्यात असते, आणि अपडेट न मिळाल्याने सुरक्षेतल्या त्रुटी तशाच राहतात. २०१५ मध्ये संशोधकांनी एका जीपचा ताबा इंटरनेटवरून मिळवून दाखवला तेव्हा उत्पादकाला अमेरिकेत १४ लाख वाहनांसाठी दुरुस्ती जाहीर करावी लागली होती. अपडेटची वाट बंद करताना हे ध्यानात असावे. वॉरंटीचे म्हणाल, तर छेडछाडीमुळे बिघाड झाला असे सिद्ध करण्याची संधी आपण कशाला द्यावी? कंपनीकडे लेखी मागणी करून जोडणी बंद करवून घेता येत असेल, तर तो मार्ग शंभर पटींनी बरा.

पानोपानी

वरील प्रतिसादाला कायद्याच्या आणि कागदोपत्री बाजूची जोड देते.

फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला फाउंडेशन या संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये २५ मोटार ब्रँडची गोपनीयता धोरणे तपासली आणि एकही कसोटीला उतरला नाही. ८४ टक्के ब्रँड माहिती इतरांना देण्याची किंवा विकण्याची मुभा स्वतःकडे ठेवतात, तर सर्व चालकांना आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे असे म्हणणारे केवळ रेनो आणि डाचिया हे दोनच ब्रँड त्यांना आढळले. धोरणात मुभा ठेवली म्हणजे प्रत्यक्ष विक्री झालीच, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. प्रत्यक्ष काय घडते ते जनरल मोटर्सच्या प्रकरणातून दिसले.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने असे वृत्त दिले की त्या कंपनीची चालक-गुणांची योजना चालकांचे तपशील लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या माहिती-दलालांपर्यंत पोहोचवत होती आणि तेथून ते विमा कंपन्यांच्या हाती पडत होते. विम्याचा हप्ता २१ टक्क्यांनी वाढलेल्या एका मोटारमालकाने लेक्सिसनेक्सिसकडून आपला अहवाल मागवला, तेव्हा त्यात त्याच्या आणि त्याच्या पत्नीच्या ६४० प्रवासांची नोंद निघाली: निघण्याची वेळ, थांबण्याची वेळ, अंतर, वेग, ब्रेक, झटक्याने घेतलेली गती. अनिमिष, तुमच्या पत्नीबाबतची शंका किती रास्त आहे ते यावरून कळेल, कारण असा अहवाल गाडी कोण चालवत होते याची फिकीर करत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये या कंपनीवर कारवाई जाहीर केली. स्थानाची नोंद काही वेळा दर ३ सेकंदांनी घेतली जात होती, असे आयोगाचे म्हणणे होते. अशी माहिती ग्राहकांविषयीचे अहवाल बनवून इतरांना पुरवणाऱ्या संस्थांना देण्यास ५ वर्षांची बंदी त्या आदेशात आहे.

या व्यवहारातले मोल पाहिले म्हणजे चालकाच्या संमतीची पत कळते. अमेरिकेतील दोन सिनेटरांनी जुलै २०२४ मध्ये दिलेल्या पत्रानुसार ह्युंदाईला व्हेरिस्ककडून गाडीमागे ६१ सेंट मिळाले होते आणि होंडाला २६ सेंट. एवढ्याशा कमाईसाठी लाखो ग्राहकांचा विश्वास पणाला लावणाऱ्यांना धंदा तरी कळतो का, असा प्रश्न पडतो.

आता करायचे काय? ज्या प्रदेशात माहिती-संरक्षणाचा कायदा लागू आहे तेथे लेखी मागणी हे सर्वांत परिणामकारक साधन आहे. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यानुसार कंपनीला सामान्यतः १ महिन्यात आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार माहिती मागितल्यास ४५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. युरोपीय संघाचा डेटा कायदाही १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून जोडलेल्या उपकरणाने, म्हणजे मोटारीनेही, निर्माण केलेली माहिती वापरकर्त्याला मिळण्याचा हक्क त्यात आहे. पत्र लांबलचक असण्याची गरज नाही. मी पुढील मजकूर सुचवते:

‘अमुक चासी क्रमांकाच्या वाहनातून माझ्याविषयी कोणत्या प्रकारची माहिती, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या प्रयोजनाने गोळा केली गेली ते कळवावे. ती ज्यांना दिली त्यांची नावे कळवावीत. चालकाचे वर्तन आणि स्थान यांच्या वापरासाठी दिलेली वा दिल्याचे मानलेली संमती मी मागे घेत असून आजवरची माहिती पुसून टाकावी. संमती माझ्याकडून केव्हा आणि कशी घेतली, त्याचा पुरावा पाठवावा.’

शेवटचे वाक्य गाळू नये. संमतीच्या चौकटीवर विक्रेत्याच्या माणसानेच बोट ठेवले असेल, तर कंपनीला हात वर करणे त्या वाक्यामुळे कठीण जाते. पत्र गोपनीयता अधिकाऱ्याच्या नावे, गोपनीयता धोरणाच्या तळाशी दिलेल्या पत्त्यावर पाठवावे. ग्राहकसेवेच्या क्रमांकावर फोन केल्यास गोड आवाजात काहीही न घडण्याची हमी असते. ओळखीसाठी आवश्यक त्याहून अधिक कागदपत्रे मागितली तर कारण विचारावे. गोपनीयतेचा हक्क बजावू पाहणाऱ्यांकडून गरजेपेक्षा जास्त माहिती मागितल्याच्या मुद्द्यासह इतर काही कारणांवरून कॅलिफोर्नियाच्या गोपनीयता यंत्रणेने मार्च २०२५ मध्ये होंडाला ६,३२,५०० डॉलरचा दंड केला होता.

घाटवळण

एवढी धास्ती घेण्याचे कारण मला समजत नाही. खिशातला फोन दिवसभर आपले स्थान सांगत असतो, नाक्यानाक्यांवर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे असतात. गाडीने दोन आकडे अधिक टिपले तर काय बिघडले? नीट चालवणाऱ्याला विम्यात सवलत मिळत असेल, तर मी ती आनंदाने घेईन. चोरीला गेलेली गाडी सापडते, अपघातात मदत येते, बिघाड आधी कळतो, हे फायदे कोणी मोजतच नाही.

रानवाट

घाटवळण, सवलत जाणूनबुजून घेणाऱ्याबद्दल येथे कोणाचीच तक्रार नाही. विमा कंपनीशी करार करून, अटी वाचून कोणी आपले ब्रेक मोजून घेत असेल तर तो त्याचा निर्णय. न विचारता तेच मोजमाप घेऊन मागच्या दाराने विमा कंपनीला पुरवणे ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय करकचून लावलेला ब्रेक म्हणजे बेपर्वाई, हे गणितच लंगडे आहे. समोर अचानक मूल आले आणि आपण वेळेत थांबलो, तर नोंदीत उणे गुण पडतात. रात्रपाळी करणारी परिचारिका रोज उशिरा घरी जाते, म्हणून तिला धोक्याची चालक ठरवायचे का?

फोनशी केलेली तुलनाही पुरती पटत नाही. फोनमध्ये स्थानाची परवानगी अॅपगणिक नाकारता येते, फोन बंद करता येतो, घरी ठेवता येतो. गाडीत तशी सोय नाही. अर्थात फोन धुतल्या तांदळासारखा आहे असेही नव्हे. इतर कामांसाठी घेतलेल्या अॅपमध्ये दडवलेल्या कोडमधून चालकांच्या हालचाली टिपल्या, असा आरोप करत टेक्सासच्या अॅटर्नी जनरलनी जानेवारी २०२५ मध्ये ऑलस्टेट या विमा कंपनीवर आणि तिच्या अॅरिटी या उपकंपनीवर दावा दाखल केला आहे. गाडीवर लक्ष ठेवताना फोनकडे कानाडोळा करून चालणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कंपनीचा हेतू कितीही चांगला असला तरी गोळा झालेली माहिती सांडते, हा मुद्दा तर आपण सारेच विसरतो. टोयोटाने मे २०२३ मध्ये कबूल केले की जपानमधील सुमारे २१.५ लाख ग्राहकांच्या वाहनांची माहिती, स्थानासह, चुकीच्या क्लाउड मांडणीमुळे नोव्हेंबर २०१३ पासून एप्रिल २०२३ पर्यंत उघडी होती. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख विद्युत मोटारींची माहिती असुरक्षित असल्याचे उघड झाले आणि त्यांतील सुमारे ४.६ लाख मोटारींचे स्थानही तीत होते. सुबारूच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या एका पोर्टलमधील त्रुटीतून गाडीचा किमान वर्षभराचा स्थान-इतिहास पाहता येत असल्याचे दोन संशोधकांनी जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. संशोधकांनी कळवल्यावर कंपनीने ती त्रुटी लगेच बुजवली, पण वर्षभराचा इतिहास मुळात साठवून ठेवला होता कशासाठी? न साठवलेली माहिती चोरीला जात नाही, यापलीकडे मला युक्तिवाद सुचत नाही.

कोरीपाटी

जुन्या गाडीच्या विक्रीबद्दल कोणी लिहिलेले दिसले नाही. वापरलेल्या मोटारींच्या व्यवहाराशी माझा संबंध येतो, म्हणून लिहितो.

विक्रीला आलेल्या गाडीचा पडदा सुरू केला की जोडलेल्या फोनांची यादी सर्वांत आधी दिसते: अमक्याचा फोन, तमक्याचा फोन. नेव्हिगेशन उघडले की ‘घर’ या नावाने जतन केलेला पत्ता पुढे येतो. त्याच गाडीत घराचे गेट उघडणारे रिमोट जोडून जतन केलेले असेल, तर नव्या मालकाच्या हाती घराचा पत्ता आणि गेटची किल्ली दोन्ही पडतात. म्हणून विक्रीपूर्वी सेटिंग्जमधून फॅक्टरी रिसेट करावा, गेटचे रिमोट वेगळे पुसावे, कारण काही गाड्यांत ते रिसेटमध्ये जात नाही, आणि डॅशकॅमचे मेमरी कार्ड तसेच ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे गाडीचे बिघाड तपासण्याच्या जोडणीत, लावलेले एखादे ट्रॅकर किंवा विम्याचे उपकरण काढून घ्यावे. ते पोर्ट सहसा स्टीअरिंगखाली, गुडघ्याजवळ असते. वाकून पाहिल्याखेरीज दिसत नाही, त्यामुळे लोक हमखास विसरतात.

रिसेट केवळ गाडीच्या स्मृतीपुरता असतो. कंपनीच्या खात्यातून ते वाहन काढून टाकले नाही, तर जुन्या मालकाच्या फोनवर गाडीचे स्थान दिसत राहू शकते, कधी दरवाजेही उघडता येतात. वापरलेली गाडी घेणाऱ्याने हा धोका उलट बाजूने पाहावा आणि व्यवहाराच्या वेळीच विक्रेत्याला त्याच्या फोनवरून वाहन काढायला लावावे. नंतर तो फोन उचलेलच असे नाही. कुटुंबातील ताणतणावात किंवा विभक्त होताना तर हा विषय फार गंभीर होतो, कारण गाडी जिच्याकडे राहते तिचा माग खाते ज्याच्याकडे आहे त्याला घरबसल्या काढता येतो. भाड्याच्या गाडीत फोन जोडलाच, तर परत देताना यादीतून आपले नाव पुसावे.

अनिमिष

सर्वांचे मनापासून आभार. पानोपानी यांनी दिलेल्या मजकुरात आमचा चासी क्रमांक घालून पत्र पाठवत आहे आणि ते पत्नीच्याही सहीने जाईल. अॅपमधील चालक-गुण बंद केले. त्याच वेळी असे लक्षात आले की ‘विमा-भागीदार’ या नावाची संमती निराळ्या पानावर, ‘खास सवलती’ या मथळ्याखाली ठेवली होती आणि ती चालूच होती. तारायंत्र, एक शंका उरते. कंपनीने जोडणी पूर्ण बंद केली, तर अपघाताच्या वेळी आपोआप जाणारा कॉलही बंद होईल का? तो गमावण्याची आमची तयारी नाही.

तारायंत्र

याचे उत्तर तुमच्या गाडीतील कॉल कोणत्या प्रकारचा आहे त्यावर अवलंबून आहे. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून मोटारींच्या नव्या प्रकारांना ई-कॉल सक्तीचा आहे. त्यातील ११२ ला जाणारा कॉल एरवी निद्रिस्त असतो. अपघात झाला किंवा बटण दाबले तरच तो जागा होतो आणि स्थान, वेळ, वाहनाचा क्रमांक, प्रवासाची दिशा अशी मोजकीच माहिती पाठवतो. कायद्यानेच त्याला सतत माग काढण्याची मनाई आहे. असा ई-कॉल ग्राहकाच्या संमतीवर किंवा वर्गणीवर चालत नाही, त्यामुळे डेटा वाटप नाकारले म्हणून तो जाऊ नये.

दुसरा प्रकार कंपनीच्या स्वतःच्या कॉल-केंद्राकडे जाणाऱ्या सेवेचा. ती वर्गणीशी आणि खात्याशी बांधलेली असते, आणि जोडणी बंद केली की ती सेवाही बहुधा बंद होते. तुमची गाडी या प्रकारातली असेल तर पूर्ण जोडणी बंद करायला सांगू नका. आपत्कालीन सेवा चालू ठेवून चालक-वर्तन, स्थान-इतिहास आणि तृतीय पक्षांना वाटप एवढेच थांबवावे, असे पत्रात स्पष्ट लिहा. ‘हे वेगळे करता येत नाही’ असे उत्तर आले तर तेही लेखी घ्या, नियामकाकडे तक्रार करताना तोच तुमचा मुख्य कागद ठरेल.

गाडीत कोणता प्रकार आहे ते मालकाच्या पुस्तिकेत आपत्कालीन कॉलच्या प्रकरणात लिहिलेले असते. कॉल सार्वजनिक आपत्कालीन क्रमांकाला जातो की कंपनीच्या केंद्राला, एवढे एक वाक्य तेथे शोधा. गाडीच्या आत छताजवळ असलेले आपत्कालीन कॉलचे बटण दाबून पाहण्याचा प्रयोग मात्र करू नका, पलीकडे खरोखर कोणीतरी फोन उचलते.